विश्लेषण : मेंढ्यांनी माळ खाल्ला, पण नेमका किती?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर मात्र जुनाच वाद आहे. माळ उजाड दिसला की ठपका धनगरांच्या मेंढ्यांवर येतो. मेंढ्यांची डोकी पशुगणनेत मोजली जातात. त्यांनी खाल्लेले गवत मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.

पिंजरा कशासाठी?

कुरणात ठिकठिकाणी साधारण एक चौरस मीटर जागेवर जाळीचे पिंजरे ठेवतात. आतल्या गवताला मेंढीचे तोंड लागत नाही. ठरावीक दिवसांनी आतले आणि बाहेरच्या तेवढ्याच तुकड्यातले गवत कापतात, पूर्ण वाळवतात आणि तोलतात. हिरव्या गवताचे बरेचसे वजन पाण्याचेच असते, म्हणून वाळवणे आवश्यक. दोन वजनांतला फरक म्हणजे चरलेले गवत. पण वाळवीने, नाकतोड्यांनी फस्त केलेले आणि खुरांखाली तुडवलेले गवतही यात मेंढ्यांच्याच खाती पडू शकते. शिवाय न चरलेले गवत वेगळ्या वेगाने वाढते, त्यामुळे पिंजरे अधूनमधून हलवावे लागतात.

लेंड्यांवरून हिशेब कसा?

काही मेंढ्यांच्या मागे पिशवी बांधून दिवसभराच्या लेंड्या जमवतात. चारा ५५ टक्के पचत असेल, तर ४५ टक्के बाहेर पडतो. म्हणजे ४५० ग्रॅम सुक्या लेंड्यांमागे एक किलो कोरडा चारा. गोम पचनाच्या आकड्यात आहे. कोवळा मारवेल आणि वाळलेले कुसळी गवत सारखे पचत नाही, त्यामुळे एका ऋतूचा आकडा दुसऱ्या ऋतूला चालत नाही.

मग माळावर मेंढ्या किती?

मेंढी रोज वजनाच्या सुमारे तीन टक्के कोरडा चारा खाते. ३० किलोची मेंढी ९०० ग्रॅम. समजा, हेक्टरी १,५०० किलो कोरडे गवत आले. निम्मे मुळांसाठी आणि बियांसाठी राखायचे, हा ढोबळ नियम. उरलेले ७५० किलो १०० मेंढ्यांना जेमतेम आठ दिवस पुरते. नवव्या दिवशी कळप पुढे गेला, तर गवताला सावरायला वेळ मिळतो. तोच कळप पंधरवडाभर थांबला, तर राखलेल्या निम्म्या वाट्यातलाही बराचसा भाग जातो. दोन्ही वेळा मेंढ्या १०० च असतात.

सरकारी नोंदींत माळरानांचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणून येतो. तिथे वृक्षलागवड किंवा उद्योग आला की कळपांना हलायला जागा उरत नाही आणि उरलेल्या तुकड्यावरचा मुक्काम लांबतो.