७२ कॉल, पण ऐकतं कोण?

७२ कॉल, प्रत्येक फार तर दोन मिनिटांचा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक. केंद्र सरकारच्या ‘किलकारी’ या ध्वनिमुद्रित आरोग्यसल्ल्याच्या सेवेतला एकही कॉल न चुकवणाऱ्या आईच्या कानावर सगळा मिळून अडीच तासांहूनही कमी सल्ला पडतो. आईच्या वाट्याची मिनिटं इतकी मोजकी असताना ती नेमकी कोण ऐकतं, हे आधी पाहायला हवं.

२०१६ साली सुरू झालेली ही सेवा महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. ती ऐकतं कोण, यासाठी बुलढाणा जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. तिथली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार होती आणि पाचातले जवळपास चार जण खेड्यात राहत होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९) राज्यातल्या ५४.८ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ग्रामीण स्त्रिया मात्र २३.७ टक्केच. त्यानंतर स्मार्टफोन बराच पसरला, तरी व्हिडिओपेक्षा साधा कॉल जास्त घरांत पोचतो, असं मला वाटतं.

पण घरात पोचणं म्हणजे आईपर्यंत पोचणं नव्हे. नोंदवहीत नवऱ्याचा नंबर असेल, तर दिवसा तो फोन त्याच्याबरोबर शेतात किंवा खामगावच्या बाजारात असतो. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत बाईही दिवसभर रानात. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांवर तर घरची बोली आणि कॉलमधली प्रमाण मराठी यांतही अंतर आहे.

शेजारच्या मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत ५,०९५ गरोदर स्त्रियांवर ‘किलकारी’ची चाचणी झाली. निव्वळ स्तनपानात फरक दिसला नाही. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर मात्र सुमारे ३.७ टक्क्यांनी जास्त आढळला. मी त्याचा अर्थ असा लावतो: गर्भनिरोधनाच्या निर्णयात नवऱ्याचा शब्द चालतो आणि अनेक घरांत फोनही त्याच्याच हातात असतो. स्तनपानाचं तसं नाही. दूध पाजताना अडचण आली, की बाईला जवळ बसणारं माणूस लागतं. म्हणून नवऱ्याच्या हातातला फोन निव्वळ अडथळा समजू नये. काही कॉल थेट बापाशीच बोलणारे असावेत.

मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’ या अशाच कॉल-सेवेत नावनोंदणीच्या वेळीच आईला कॉलची सोयीची वेळ विचारतात. तरीही ऐकणं हळूहळू सुटतं. गूगलच्या संशोधकांबरोबर संस्थेने २३,००३ लाभार्थींचा अभ्यास केला. कोण गळण्याच्या बेतात आहे हे संगणकाने हेरायचं आणि त्या आईला कार्यकर्तीने स्वतः फोन करायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे ऐकण्यातली घट सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे यंत्राच्या कॉलला टिकवून धरायलाही अखेर माणसाचाच फोन लागला.

बुलढाण्यात ते माणूस आधीच गावात आहे: आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी जायचं असतं आणि पुढे ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्यांत पाच वेळा. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ९ टक्के होती. तेव्हा सहाव्या महिन्यातला वरच्या अन्नाचा कॉल घरच्या फोनवर वाजेल, त्याच आठवड्यात ताईची फेरी पडावी आणि तिच्या वहीत फोन कुणाचा, तो किती वाजता घरी असतो, या दोन नोंदींना जागा असावी.