अबरीसाठी पागोळीचे पाणी

तहसील कचेरीतले एखादे जुने, जाडजूड रजिस्टर पाहा. कण्याला लाल कापड, आणि पुठ्ठ्यावर निळ्या-तपकिरी लहरींचा, शिरा उमटलेला कागद. आज तो कागद छापखान्यात हजारोंनी छापला जातो. पण ज्याची ती नक्कल आहे तो मूळ कागद छापून मिळत नाही. दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीने आणि फणीने त्यांना फिरवायचे, आणि वर हलक्या हाताने कागद टेकवून सगळी नक्षी एकदम उचलून घ्यायची. एका नक्षीचा एकच कागद निघतो. या कामाला दख्खनमध्ये अबरी म्हणत. आता शाळांत आणि शिबिरांत मार्बलिंग म्हणतात.

हिशेबाच्या वह्यांशी या कागदाचे नाते नुसत्या शोभेचे नाही. युरोपात खातेवहीच्या तिन्ही कडांवर अशी नक्षी उठवत. मधले एखादे पान कोणी फाडून काढले, की कडेवरच्या शिरा तुटत आणि चोरी उघडी पडे. 1775 मध्ये अमेरिकी वसाहतींनी काढलेल्या 20 डॉलरच्या नोटेची एक कड याच कागदाची होती. बनावट नोटा रोखण्यासाठी बेंजामिन फ्रँकलिन यांनी तो कागद पुरवला होता. नक्कल न होणे हाच या कलेचा मोठा गुण, आणि मुलांना ती शिकवावी असे मला वाटते त्याचे पहिले कारणही हेच. वर्गातल्या तीस मुलांचे तीस कागद निघतात आणि कोणाचाही कागद दुसऱ्यासारखा नसतो. चित्रकलेच्या तासाला ज्याला हात वळत नाही म्हणून मागे बसायची सवय झाली आहे, त्याचाही कागद इतरांइतकाच देखणा निघतो.

ही कला आपल्याला लांबून आणावी लागत नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीला जिथवर नेले तिथवर त्या काळी फार थोड्यांनी नेले असेल. इराणातून हिंदुस्थानात आलेल्या मुहंमद ताहिर नावाच्या कारागिराला 1600 च्या सुमारास या तंत्रात नव्या पद्धती आणल्याचे श्रेय अभ्यासक देतात. तोवर अबरी मुख्यतः हस्तलिखिताच्या समासाला आणि जोडकागदाला वापरली जाई. दख्खनमध्ये तिचे चित्रच झाले. कागदाचा काही भाग डिंकाच्या लेपाने किंवा कापलेल्या कागदाने झाकायचा, उरलेल्या भागावर अबरी घ्यायची, मग बारीक कुंचल्याने डोळे, लगाम, बोटे रेखायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1625 च्या सुमाराचे, हाडे वर आलेल्या घोड्याचे आणि त्याच्या स्वाराचे चित्र आहे, ते याच घराण्यातले. तिथेच 2015 मध्ये दख्खनच्या सुलतानांवर जे मोठे प्रदर्शन भरले, त्याच्या ग्रंथात जेक बेन्सन यांनी अबरीवर स्वतंत्र लेख लिहिला आहे.

विजापूर बीडला परके नव्हते. बीड जिल्ह्यातल्या धारूरचा किल्ला 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वर खान लारी याने बांधला. पुढे दोनच वर्षांत अहमदनगरच्या निजामशहाने तो घेतला आणि गावाचे नाव फतेहाबाद झाले. आणि कागद? दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागते. तिथल्या हातकागदाची परंपरा मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी हलवली त्या काळाशी जोडली जाते. म्हणजे बीडच्या एका बाजूला कागद होता, दुसऱ्या बाजूला अबरी होती. मधल्या बीड जिल्ह्यात आज हा वर्ग घ्यायचा ठरवला, तर सामान कुठून आणायचे आणि कसे तयार करायचे, हा या लेखाचा खरा विषय. या कलेत शिकवायचे काम तासाभराचे असते, तयारी मात्र दोन दिवसांची. तयारी चुकली तर रंग बुडतात, ओघळतात, कागदावर धरत नाहीत, आणि मुलाला वाटते की आपलाच हात वाईट.

सुरुवात पाण्यापासून. बोअरचे पाणी बहुतेक गावांत जड असते. काळ्या दगडातून पाझरताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. डाळ शिजायला वेळ लागतो आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी अबरीच्या द्रवातही गुठळ्या धरते. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेले असते की ऊर्ध्वपातित पाणी वापरा. बॅटरीचे पाणी विकत आणून द्रवाचे मोठे ताट भरणे शाळेला परवडायचे नाही, आणि त्याची गरजही नाही. बीडला वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो कमी असला, तरी पत्र्यावरून पडणारे पागोळीचे पाणी क्षारांपासून जवळजवळ मुक्त असते. पहिल्या सरीत पत्रा धुऊन जाऊ द्यावा, मग पाणी फडक्यातून गाळून झाकून ठेवावे.

एक सूचना इथे ठळकपणे सांगायला हवी, कारण ही चूक आपल्याच भागात होण्याजोगी आहे. गढूळ पाणी निवळायला घरोघरी त्यात तुरटी फिरवतात. तसे निवळलेले पाणी अबरीच्या ताटात चुकूनही घालू नये. रंग धरायला तुरटी हवी आहे, पण ती फक्त कागदावर आणि कापडावर. ताटात गेली की द्रव फुटतो आणि रंग पृष्ठभागावरच आकसून बसतात.

आता द्रव. 35 बाय 50 सेंटिमीटरचे ताट चार सेंटिमीटर भरायचे तर सात लिटर पाणी लागते. बाजारात मिळणारी कॅराजीनन ही समुद्रशेवाळाची पूड लिटरला सुमारे पाच ग्रॅम पुरते. ती मिक्सरमधून थोड्या थोड्या पाण्यात फिरवून रात्रभर ठेवतात, म्हणजे बुडबुडे बसतात. एकोणिसाव्या शतकात बुडापेस्टचा पुस्तकबांधणीकार योझेफ हाल्फर याने या शेवाळाचा वापर पक्का केला आणि 1885 मध्ये आपली सगळी पद्धत छापून टाकली. त्याआधी युरोपातले बरेच कारागीर शिकाऊ मुलाला कामाचा एकेकच तुकडा दाखवत, पूर्ण कृती कोणाच्या हाती लागू देत नसत.

पण इराणी आणि हिंदुस्थानी कारागिरांनी यासाठी मेथी वापरली. किराणा दुकानातली, लाडवातली मेथी! रात्री भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर उकळायची, गार झाली की मलमलीतून पिळून चोथा काढायचा. बुळबुळीत द्रव पातळ पेजेइतका दाट हवा. त्यात काडी ओढून थांबवली तर रेघ पुढे वाहून न जाता जागीच राहावी. किंचित मागे ओढली गेली तर द्रव जास्त दाट झाला असे समजून पाणी घालावे. मेथीचा दोष एकच, उन्हाळ्यात ती दिवसभरात आंबते. कॅराजीनन थंड जागी काही दिवस टिकते. तरीही तीस मुलांच्या पहिल्या वर्गाला मी मेथीच घेईन. जी वस्तू मुलाच्या घरी डब्यात आहे ती वापरली तर मूल रविवारी घरीही करून पाहू शकते. पुण्यामुंबईहून पार्सलने मागवलेल्या पुडीच्या बाबतीत ते होत नाही.

बऱ्याच शाळांत ही कला वेगळ्या मार्गाने आलेली आहे: बादलीतल्या साध्या पाण्यावर रॉकेलमध्ये पातळ केलेला ऑइल पेंट टाकायचा आणि कागद बुडवायचा. त्याने ठिपके आणि ढग उमटतात, पण साध्या पाण्यावर रंग थांबत नाही, त्यामुळे फणीचे काम होत नाही. मुलांच्या हाताला आणि नाकाला रॉकेल लागते ते वेगळेच. दाट द्रवावर पाण्यातले रंग वापरले तर हा त्रास राहत नाही.

कागद निवडताना चकाकी असलेला घेऊ नये. झेरॉक्सचा पांढरा कागदही सहसा टाळावा. त्यात भरणीला खडूची पूड असते, ती तुरटीच्या आम्लाला मारून टाकते आणि रंग धुताना निसटतो. पुण्यात 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा चिंध्यांपासून केलेला कागद उत्तम. तो महाग पडला तर साधा ड्रॉइंग पेपर आणून आधी एका पट्टीवर चाचणी घ्यावी. पाव लिटर कोमट पाण्यात चमचाभर, म्हणजे पंधरा ग्रॅम, तुरटीची पूड विरघळवायची, गार होऊ द्यायची, आणि स्पंजने कागदाच्या एका बाजूला सारखी लावायची. कुठे कोरडा ठिपका राहिला तर नंतर तिथे पांढरा डाग पडतो. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने फुली करावी, नाहीतर ओल गेल्यावर तुरटीची बाजू कोणती हे ओळखता येत नाही. मग कागद ओलसर असतानाच एकावर एक रचून वर फळी आणि वजन, म्हणजे ते वाकत नाहीत.

कापडाची तयारी याहून मोठी. बीड कापसाचा जिल्हा आहे, मांजरपाट कुठल्याही बाजारपेठेत मिळतो. पण नव्या मांजरपाटात खळ असते, ती धुण्याच्या सोड्याने उकळून काढल्याशिवाय रंग तंतूपर्यंत पोचत नाही. नंतर लिटरला साठ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून, न चुरगाळता दोरीवर वाळवायचे आणि मंद इस्त्रीने सपाट करायचे. सुरकुती राहिली की तिच्याखाली हवा अडकते आणि नक्षीत रेघ येते. तुरटी लावलेले कापड महिनाभर पेटीत ठेवू नये. तुरटी आम्ल असल्यामुळे सुती धागा कुजवते. जेवढे आठवड्यात वापरणार तेवढेच तयार करावे.

रंग कापडासाठी ॲक्रिलिक, कागदासाठी पाण्यातले किंवा बारीक खललेला गेरू, नीळ, काजळी. रंग द्रवावर पसरावा म्हणून जुने कारागीर बैलाचे पित्त घालत. आता कृत्रिम द्रव्ये मिळतात. रिठ्याच्या पाण्यातही पृष्ठताण कमी करणारे सॅपोनिन असते, तेव्हा ते थेंबाथेंबाने घालून पाहण्यासारखे आहे. शिंपडायला केरसुणीच्या काड्यांची छोटी जुडी, रेघ ओढायला बाभळीचा काटा, फणीसाठी लाकडी पट्टीत एकेक सेंटिमीटरवर ठोकलेल्या टाचण्या. ताट पत्रेवाल्याकडून कडा वळवून घ्यावे. स्वयंपाकघरातली परात मात्र रंगासाठी घेतली की परत स्वयंपाकाला नेऊ नये. दर वेळी कागद टेकवण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी द्रवावरून ओढून साय आणि धूळ काढावी लागते. ती पट्टी ओढण्याचे काम एका मुलाकडे सोपवले तर त्याला द्रवाचा स्वभाव सगळ्यांत लवकर कळतो.

राहिला दिवस ठरवण्याचा प्रश्न, आणि बीडमध्ये तो नुसत्या वेळापत्रकाचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर कितीतरी मुले वर्गातून जातात. ती परततात तोवर उन्हाळा आलेला असतो: पाणी टँकरचे, पारा चाळिशीपार, हवा इतकी कोरडी की द्रवावर मिनिटात साय धरते आणि रंगाचे थेंब पसरण्याआधी सुकतात. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र पट पूर्ण असतो, पागोळीला पाणी असते आणि हवेत ओलावा असतो. कागद वाळायला दोन दिवस लागतील, दोऱ्या वऱ्हांड्यात बांधाव्या लागतील, तेवढी अडचण सोसावी. मला विचारले तर अबरीचा वर्ग बीडमध्ये श्रावणातच घ्यावा. हिवाळ्यातल्या मोकळ्या तासांसाठी किंवा पाहुण्यांना दाखवायच्या कार्यक्रमासाठी तो राखून ठेवला, तर ज्या मुलांच्या हाती हा कागद पडायला हवा तीच वर्गात नसतील. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी थंडीत दुसरा वर्ग लावता येतो. त्यासाठी पावसाळ्यातले वीस लिटर पाणी कॅनमध्ये झाकून ठेवले तरी पुरते.

पाण्याचा हिशेब मांडला तर हा वर्ग दिसतो तेवढा उधळा नाही. एकदा भरलेल्या ताटावर पट्टी ओढत ओढत दिवसभरात पन्नासएक कागद निघतात. उचललेला कागद तिरक्या फळीवर ठेवून मगाने हलकेच धुवायचा आणि ते पाणी खाली बादलीत धरायचे. पुढच्या कागदांचे पहिले धुणे त्यातच होते. ॲक्रिलिकचे गढूळ पाणी विहिरीजवळ किंवा वाफ्यात ओतू नये. उथळ घमेल्यात उन्हाला ठेवले की पाणी उडते आणि रंगाचा पापुद्रा खरवडून कचऱ्यात टाकता येतो. कापडावरचा ॲक्रिलिक तीन दिवस वाळू द्यावा, मग उलट बाजूने गरम इस्त्री फिरवून पक्का करावा आणि त्यानंतरच साबणाला लावावा. त्या कापडाची पहिली वस्तू म्हणून पुस्तकाचे वेष्टण शिवायला द्यावे, कारण त्याला शिलाई थोडी लागते आणि मुलाच्या दप्तरात ते रोज वापरात राहते.