भुकेल्या हातांनी उभे केलेले चर्च

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी लातूर, बिदर असा प्रवास करीत तेलंगणात शिरते. तिथे तिला मंजिरा म्हणतात. या नदीच्या खोऱ्यात, हैदराबादपासून सुमारे १०० किलोमीटरवर मेदक हे गाव आहे. गावाच्या टेकडीवर जुना किल्ला आहे; पण त्याहूनही प्रसिद्ध आहे ते इथले चर्च आणि त्याचा १७५ फूट उंचीचा मनोरा.

२५ डिसेंबर १९२४ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, या चर्चचे समर्पण झाले. २०२४ च्या नाताळात त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. नवे चर्च बांधून झाले की मंडळीला आनंद होणे साहजिकच आहे. मेदकच्या आनंदाला मात्र आणखी एक पदर होता. दुष्काळाच्या दिवसांत आसपासच्या कितीतरी घरांतील चूल याच बांधकामाच्या मजुरीवर पेटली होती.

भाकरी, पण घामाची

चार्ल्स वॉकर पॉसनेट हे वेस्लियन मेथॉडिस्ट मिशनचे पाळक १८९५ मध्ये भारतात आले. सुरुवातीला त्यांनी सिकंदराबादच्या छावणीत इंग्रज सैनिकांमध्ये काम केले. तिथे त्यांचे मन रमेना. मग घोड्यावर बसून ते मेदकला पोचले. तेव्हा तिथे ख्रिस्ती माणसे थोडीच होती आणि उपासना एका साध्या छपराखाली होत असे. पुढे मंडळी वाढली, ती मुख्यतः माला आणि मादिगा या त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून. स्वतःची जमीन क्वचितच एखाद्याकडे. बाकीच्यांचे पोट दुसऱ्याच्या शेतातील मजुरीवर.

१९१४ मध्ये नव्या चर्चचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. महागाई वाढली. १९१८ मध्ये पावसाने दगा दिला आणि पाठोपाठ इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्या वेळी निजामाच्याच राज्यात असलेल्या मराठवाड्यानेही हे दिवस सोसले. शेतातले काम थांबले की शेतमजुराच्या घरात पहिल्याच आठवड्यात दाणा उरत नाही. अशा लोकांना पॉसनेट यांनी बांधकामावर घेतले. दगड फोडायचा, वाहायचा, चुना मळायचा आणि त्या मोबदल्यात धान्य न्यायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या महाराष्ट्रातील पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एवढे मोठे कशाला?

माणसे उपाशी असताना एवढी भव्य इमारत कशाला, असे कुणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. पण लहानसे प्रार्थनामंदिर वर्षभरात उभे राहिले असते आणि त्याबरोबर कामही संपले असते. मेदकचे काम दहा वर्षे चालले.

दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. भुकेल्याला अन्न देऊन त्याचा धर्म बदलला जातो, अशी टीका मिशनऱ्यांच्या दुष्काळी कामावर अनेकदा झाली आहे. तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. मात्र फुकट मिळालेले धान्य आणि मजुरी म्हणून मिळालेले धान्य यांत फरक आहे. मजुरी घेणाऱ्याला कुणाच्या उपकाराखाली राहावे लागत नाही. शिवाय नुसत्या धान्यासाठी आलेला माणूस सुकाळ आला की निघून जातो. मेदकची मंडळी शंभर वर्षे टिकून आहे.

काचेतून येणारे ऊन

चर्चची लांबी २०० फूट आणि रुंदी १०० फूट आहे. आत सुमारे पाच हजार माणसे मावतात. खांब ग्रॅनाइटचे आहेत. फरशी ब्रिटनमधून आणलेल्या रंगीत तुकड्यांची असून ती बसविण्यासाठी इटालियन कारागीर आले होते. दगड फोडणाऱ्या हातांना गावातील देवळाचा उंबरठा ओलांडता येत नसे. या फरशीवर मात्र त्यांना कुणी अडवणार नव्हते.

आज पाहुणे आवर्जून पाहतात त्या मोठ्या रंगीत काचांच्या खिडक्या १९२४ च्या समारंभाला नव्हत्या. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची खिडकी १९२७ मध्ये, जन्माची १९४७ मध्ये आणि क्रुसावरील मरणाची १९५८ मध्ये बसली. म्हणजे समर्पणानंतरही चर्च घडतच राहिले. याच काळात, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, दक्षिणेतील अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि इतर काही मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ साऊथ इंडिया’ स्थापन झाले आणि मेदकचे चर्च बिशपचे मुख्य चर्च ठरले.

नाताळात इथली उपासना भल्या पहाटे सुरू होते. आदल्या रात्रीपासूनच खेड्यापाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येऊन आवारात मुक्काम ठोकतात. त्यांत ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ असतात. एरवी मात्र मेदकला जायचे तर दिवसाउजेडी जावे. या खिडक्यांची चित्रे बाहेरच्या उन्हानेच उजळतात. सूर्य मावळला की आतून काही दिसत नाही.