बसवनगुडीची न्याहारी : ‘साउथ इंडियन’ पाटीमागील अनेक प्रांत

बंगळूर : देशातील कोणत्याही मोठ्या शहरात ‘साउथ इंडियन’ अशी पाटी दिसली की इडली, वडा, डोसा, उत्तप्पा आणि सांबार ही ठरलेली यादी डोळ्यांपुढे येते. बंगळूरच्या दक्षिण भागातील बसवनगुडी या जुन्या वसाहतीत हेच पदार्थ खाताना ही पाटी किती अपुरी आहे, याची जाणीव होते. येथील नावाजलेल्या उपाहारगृहांची पदार्थसूची लहान असते, वेळा ठरलेल्या असतात आणि चव विशिष्ट प्रांताची असते. उडुपीची मंदिरपरंपरा, जुन्या म्हैसूर संस्थानातील घरगुती स्वयंपाक, युद्धकाळातील धान्यटंचाई आणि मराठीचा सहवास यांतून ही चव घडली आहे.

प्लेगनंतरची वसाहत

बसवनगुडी म्हणजे बसवाचे, अर्थात नंदीचे मंदिर. अखंड शिळेतून कोरलेल्या नंदीच्या या मंदिरावरून परिसराला नाव मिळाले. कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी येथे ‘कडलेकाई परिषे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. १८९८ मध्ये बंगळूरमध्ये प्लेगची साथ पसरल्यानंतर दाट पेठेबाहेर मोकळ्या, हवेशीर वसाहती वाढवण्यावर भर देण्यात आला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या त्यांपैकी प्रमुख होत. शिक्षक, वकील, सरकारी नोकर आणि लेखक यांची येथे वस्ती झाली. शाळा-महाविद्यालये आली आणि त्यांच्यापाठोपाठ बाहेर खाण्याची गरजही निर्माण झाली.

गांधी बाजारातील ‘विद्यार्थी भवन’ हे त्या गरजेचे ठळक उदाहरण. वेंकटरमण उराळ यांनी १९४३ मध्ये ते सुरू केले. नावाप्रमाणेच त्याचा पहिला ग्राहक विद्यार्थी होता. १९७० मध्ये रामकृष्ण अडिग यांनी ते चालवायला घेतले. येथील मसाला डोसा आकाराने लहान, जाडसर, बाहेरून तुपात खरपूस आणि आतून मऊ असतो. वाढपी हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून आणतात आणि पातळ चटणी थेट ताटलीत ओततात. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रे आहेत. साहित्य, अध्यापन आणि न्याहारी यांचे या परिसरातील नाते त्यातून दिसते.

टंचाईतून जन्मलेली इडली

बंगळूरमधील अनेक जुन्या शाकाहारी उपाहारगृहांचे मूळ किनारपट्टीवरील उडुपी परिसरात आहे. तेथील कृष्णमंदिराच्या पाकपरंपरेत तयार झालेले आचारी उपजीविकेसाठी शहरांकडे गेले. मुंबईतील माटुंग्यात १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी सुरू केलेली खानावळ त्याच प्रवाहातील आहे.

बसवनगुडीच्या शेजारी, लालबागेलगतच्या मावळ्ळी भागातील ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ अर्थात ‘एमटीआर’चे संस्थापक मय्या बंधूही उडुपी परिसरातूनच आले होते. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या उपाहारगृहाशी रवा इडलीची जन्मकथा जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश ताब्यात घेतल्यावर तेथून येणारा तांदूळ थांबला. तांदळाऐवजी रवा वापरून इडली करण्याचा प्रयोग त्या टंचाईत झाला, असे ‘एमटीआर’ सांगते. टंचाई संपली तरी इडली राहिली.

१९७५ च्या आणीबाणीत उपाहारगृहांतील पदार्थांच्या दरांवर मर्यादा आल्यावर ‘एमटीआर’पुढे मोठे संकट उभे राहिले. तेव्हा तयार पीठ आणि मसाल्यांच्या पुड्यांच्या व्यवसायाने आधार दिला. पुढे २००७ मध्ये हा पुड्यांचा व्यवसाय नॉर्वेतील ऑर्क्ला समूहाने विकत घेतला. उपाहारगृहे मात्र मय्या कुटुंबाकडेच राहिली. आज दूरच्या शहरात घरी केली जाणारी रवा इडली आणि लालबागेजवळच्या टेबलावर येणारी रवा इडली यांचे नाव एक असले, तरी त्यांचे मालक वेगळे आहेत.

पदार्थांच्या नावांतील मराठी

मराठी खवय्याला बसवनगुडीतील पदार्थसूचीत ओळखीचे शब्द भेटतात. कन्नडमध्ये वांग्याला ‘बदनेकाई’ म्हणतात. तरीही म्हैसूर भागातील वांग्याच्या भाताचे नाव ‘वांगीबात’ आहे. ‘बात’ या शब्दाचा विस्तार तर इतका झाला की तांदळाचा कणही नसलेला उपमा ‘खाराबात’ आणि शिरा ‘केसरीबात’ झाला. दोन्ही एका ताटलीत आले की ‘चौचौ बात’ होतो. ‘कोसंबरी’ ऐकताच कोशिंबीर आठवते आणि ‘चिरोटी’ला भाषांतराची गरजच उरत नाही.

शहाजीराजांची जहागीर, तंजावरचे मराठा राज्य आणि दक्षिणेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या दीर्घ सहवासाची पार्श्वभूमी या शब्दांना आहे. सांबाराचे नाव छत्रपती संभाजी महाराजांवरून पडले, ही तंजावरची कथा लोकप्रिय असली तरी ती आख्यायिका आहे. ‘वांगीबात’ हा शब्द मात्र रोज मागवल्या जाणाऱ्या ताटलीतील पुरावा आहे.

पंगत कोणाची?

या खाद्यपरंपरेला सामाजिक इतिहासाची दुसरी बाजूही आहे. अनेक जुन्या उपाहारगृहांच्या नावांत ‘ब्राह्मण’ हा शब्द असे. अन्न कोणी शिजवले आहे, याची ती ग्वाही होती. दक्षिणेतील कित्येक ठिकाणी ब्राह्मणांसाठी बसण्याची वेगळी व्यवस्थाही असे. या प्रथेविरुद्ध आंदोलने झाली. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. शंकरपुरम भागातील १९६५ पासूनच्या ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’च्या नावात तो जुना शब्द टिकून आहे. रस्त्याकडेला उभे राहून इडली खाणारी गर्दी मात्र सर्व थरांतील असते.

दक्षिणेचे जेवण म्हणजे शाकाहार, हा समजही बसवनगुडीच्या प्रसिद्धीमुळे बळावतो. कर्नाटकातील बहुसंख्य लोक मांसाहार करतात. बंगळूरच्या ‘मिलिटरी हॉटेलां’त नाचणीचे मुद्दे, खिमा आणि ‘दोन्ने बिर्याणी’ मिळते. ‘दोन्ने’ म्हणजे पानांचा द्रोण. या व्यवसायात मराठा कुटुंबांचा मोठा वाटा राहिला. १९०८ पासूनचे एस. जी. राव यांचे मिलिटरी हॉटेल आणि जयनगरमधील ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ ही त्याची उदाहरणे. इडलीच्या ताटलीसोबत हा द्रोण ठेवल्याशिवाय शहराच्या जेवणाचे चित्र पूर्ण होत नाही.

लहान सूचीचे गणित

‘ब्राह्मिन्स कॉफी बार’मध्ये इडली, वडा, खाराबात, केसरीबात आणि कॉफी याखेरीज फारसे काही मिळत नाही. सांबार नाही, केवळ चटणी आहे. यामागे व्यवहार आहे. पदार्थ मोजके असले की पीठ अंदाजाने वाटता येते आणि त्याच दिवशी संपते. आंबवलेले पीठ फार काळ थांबत नाही. ते उतरले की इडली आंबट होते आणि डोशाचा खरपूसपणा जातो. ग्राहक उभ्यानेच खाऊन निघाला की जागा लगेच मोकळी होते आणि कमी दरातही धंदा चालतो. १९८० च्या दशकापासून शहरभर पसरलेल्या ‘दर्शिनी’ या स्वयंसेवा उपाहारगृहांनी हेच सूत्र वापरले. एक कॉफी दोघांत वाटून घेण्याची ‘बाय-टू’ पद्धतही याच काटकसरीच्या संस्कृतीतील.

हे गणित नाजूक आहे. जागेचे मोल वाढते, आचाऱ्यांची पुढची पिढी अन्य व्यवसायांकडे वळते आणि प्रसिद्धीमुळे येणारा पाहुणा लांबलचक पदार्थसूचीची अपेक्षा धरतो. सूची वाढली की पिठाचा अंदाज चुकतो, साठवण वाढते आणि मग बसवनगुडीची इडली कोणत्याही शहरातील ‘साउथ इंडियन’ इडलीसारखीच लागू लागते.

या परिसरात जाणाऱ्याने सकाळी लवकर पोहोचावे. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. एकाच ठिकाणी सर्व काही मागवण्यापेक्षा एका ठिकाणी डोसा, दुसरीकडे इडली आणि तिसरीकडे कॉफी असा क्रम ठेवणे उत्तम. जे उपाहारगृह ज्या पदार्थासाठी ओळखले जाते, तोच तेथे मागवावा. लहान सूचीवर चालणारा हा व्यवसाय अशाच ग्राहकांच्या बळावर टिकून आहे.