युद्धकालीन संदेशवाहक स्वारांची शिरस्त्राणे : ओळख आणि संग्रह

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे लेखी आदेश, नकाशे व अहवाल एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास पोचविण्याचे काम मोटारसायकलवरील संदेशवाहक स्वारांकडे असे. दिवे झाकून अंधाऱ्या रस्त्यांवरून त्यांना वेगाने जावे लागे. साहजिकच त्यांपैकी अनेकांना मृत्यू आला तो शत्रूच्या गोळीने नव्हे, तर रस्त्यावरील अपघाताने. त्यांच्या शिरस्त्राणाचा इतिहास या वस्तुस्थितीशी निगडित आहे.

मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स यांचा मोटारसायकलच्या अपघातानंतर सहा दिवसांनी मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स हे होते. पुढे केर्न्स यांनी स्वारांच्या मस्तकाघातांचा पद्धतशीर अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरील २,२७९ माणसे मरण पावल्याचे त्यात नमूद आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये कामावरील लष्करी स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे करण्यात आले.

आरंभीच्या शिरस्त्राणांचे कवच दाबून घट्ट केलेल्या लगद्याचे असे. ते वजनाला हलके असून आघाताचा जोर पसरवून शोषून घेई. केर्न्स व भौतिकशास्त्रज्ञ होल्बर्न यांनी १९४३ मध्ये लगद्याच्या व रबराच्या शिरस्त्राणांची तुलना केली, तेव्हा लगद्याची शिरस्त्राणे अधिक गुणकारी ठरली. तथापि बॉम्बगोळ्यांच्या तुकड्यांपासून संरक्षण करण्यास लगदा असमर्थ होता. म्हणून पुढे पोलादी शिरस्त्राण प्रचारात आले. त्याला कान व मान झाकणारे चामडे जोडलेले असे.

संग्राहकाची खरी अडचण येथेच उद्भवते. संदेशवाहक, चिलखती दल आणि छत्रीधारी सैनिक या तिघांच्या पोलादी कवचाचा आकार जवळजवळ एकच आहे. केवळ कवचावरून निर्णय करता येत नाही. अस्तर, हनुवटीचा पट्टा, मानेवरील चामडे आणि छिद्रांची जागा यांचा एकत्र विचार केला पाहिजे. आतील बाजूस निर्मात्याची आद्याक्षरे, माप व वर्ष यांचा छाप आढळतो. ‘बी. एम. बी.’ ही आद्याक्षरे ब्रिग्ज मोटर बॉडीज या कारखान्याची होत. बाणाची खूण शासकीय मालकी दर्शविते. कवच व अस्तर यांवरील वर्षांत तफावत दिसल्यास ती नोंदवून ठेवावी. मात्र दुरुस्तीत अस्तर बदलले जात असल्यामुळे तेवढ्यावरून वस्तू बनावट ठरत नाही.

छत्रीधारी सैनिकांच्या शिरस्त्राणास बाजारात अधिक किंमत येते. या लोभाने संदेशवाहकांच्या शिरस्त्राणांचे चामडे कापून, नवी छिद्रे पाडून त्यांचे रूपांतर केले जाते. ताजी छिद्रे, जुन्या छिद्रांत भरलेली लांबी आणि सर्वत्र सारखाच दिसणारा नवा रंग ही अशा कृत्याची लक्षणे होत. यात ग्राहकाची फसवणूक होते हे तर खरेच. पण त्याहून मोठी हानी अशी की, एक अस्सल पुरावा कायमचा नष्ट होतो.

म्हणून अशी वस्तू हाती आल्यास तिला नवा रंग देऊ नये व चामड्यास तेल चोळू नये. ती दमटपणापासून दूर ठेवावी आणि कोठून मिळाली याची नोंद करावी. ओरखडे व पोचे यांनाही प्रमाणाचे मोल आहे. स्वाराच्या मस्तकावर येणारा आघात कवचाने कोठे झेलला, हे कदाचित तेवढेच सांगू शकतील.