मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : अभियंता, दिवाण आणि नियोजनकार

म्हैसूर शहरातील देवराज मोहल्ल्यापासून सुमारे 20 किलोमीटरवर कृष्णराजसागर धरण आहे. त्याचे शिल्पकार म्हणून विश्वेश्वरय्या सर्वांना माहीत असतात. या टिपणात आपण त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू पाहू. प्रत्येक बांधकामामागे दोन आर्थिक प्रश्न असतात: पैसा कोठून येणार आणि लाभ कोणाला मिळणार?

1. पुणे : पाण्याचे वाटप

म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. नीरा कालव्यावरची 'ब्लॉक पद्धत' तितकीच महत्त्वाची. कालव्याच्या वरच्या भागातील ऊस पाणी ओढून घेई, जमिनी पाणथळ होत आणि शेवटच्या गावांना पाणी कमी पडे. विश्वेश्वरय्यांनी शेतांचे गट पाडले, उसाला मर्यादित क्षेत्र दिले आणि उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यायला लावली. मर्यादित साधनाचे वाटप हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न त्यांनी येथे शेतात सोडवला.

2. म्हैसूर : धरणाचा खर्च

1909 मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. शिवनसमुद्र येथील वीजकेंद्र 1902 पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देत होते, पण उन्हाळ्यात कावेरीचा प्रवाह घटे. पाणी साठवले तर वर्षभर वीज विकता येईल आणि त्या उत्पन्नातून खर्चाचा भार हलका होईल, असे त्यांनी मांडले. 1911 मध्ये काम सुरू झाले. पुढे याच पाण्यावर मंड्याची ऊसशेती उभी राहिली.

1912 ते 1918 ते दिवाण होते. 1913 मध्ये बँक ऑफ म्हैसूर, 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले. भांडवल आणि शिक्षण यांशिवाय उद्योग वाढत नाही, ही त्यामागची धारणा होती.

3. मतभेद : नोकऱ्यांचे वाटप

सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण फार मोठे होते. इतर समाजांच्या मागणीवरून महाराजा कृष्णराज वाडियार चौथे यांनी 1918 मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांची समिती नेमली. शिक्षणाचा प्रसार करावा, पण निवड गुणवत्तेवरच व्हावी, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. ते पदावरून दूर झाले. समितीने 1919 मध्ये मागास समाजांसाठी जागा राखून ठेवण्याची शिफारस केली. कालव्याच्या टोकाच्या गावापर्यंत पाणी आपोआप पोहोचत नाही, हे त्यांनी पुण्यात ओळखले होते. नोकरीच्या संधीला मात्र तोच न्याय त्यांनी लावला नाही.

4. राष्ट्रीय नियोजन

1934 मध्ये त्यांचे 'प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया' प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करणे आणि शेतीवर अवलंबून असलेल्यांना उद्योगांकडे वळवणे, हा त्याचा गाभा. नियोजन आयोग त्यानंतर 16 वर्षांनी, 1950 मध्ये आला. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

सारांश

उत्पादन वाढवण्याचा मार्ग विश्वेश्वरय्यांनी स्पष्ट दाखवला. वाटपाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका वादग्रस्त राहिली, आणि तो वाद आजही संपलेला नाही.

स्वाध्याय

1. ब्लॉक पद्धतीमुळे कोणाचा लाभ वाढला आणि कोणाचा कमी झाला असेल?
2. तुमच्या जिल्ह्यातील एका धरणाचा खर्च कोणत्या उत्पन्नातून भरून निघतो, ते शोधा.