छायाचित्रांची कीर्द

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते आणि काम बाजूला ठेवून घरातली मंडळी जुनी छायाचित्रे पाहत बसतात. सम्मेदशिखर, पालिताणा, श्रवणबेळगोळ येथील यात्रांची समूहचित्रे निघतात. लग्नमांडवातील व्याही-विहिणींची रांग निघते. काश्मीरच्या शिकाऱ्यात बसलेले काका-काकू निघतात. मग एखादे नातवंड सहज विचारते, "पणजोबांचे दुकान कसे होते?" आणि पेटी तळापर्यंत शोधूनही उत्तर सापडत नाही. ज्या दुकानाने चार पिढ्यांना अन्न दिले, ज्याच्या गादीवर बसून हिशेब झाले, सोयरिकी ठरल्या आणि भांडणे मिटली, त्याचे एकही छायाचित्र कोणी काढून ठेवलेले नसते.

यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. दुकान रोज डोळ्यांसमोर होते, म्हणून त्याचे चित्र घ्यावे असे कोणाच्या मनात आले नाही. दूरचे दृश्य पुन्हा दिसणार नाही, या भावनेने माणूस कॅमेरा उघडतो. घराजवळचे दृश्य उद्याही असेल, या भरवशावर तो राहून जातो. गोंदियासारख्या जिल्ह्यात हा भरवसा किती वेळा खोटा ठरला आहे, हे एका रेल्वेच्या उदाहरणावरून कळते.

छोटी लाइन

गोंदियाचे व्यापारी महत्त्व रेल्वेने घडवले. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग या भागातून गेला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे हाती घेतला. गोंड बांधव डिंक म्हणजे गोंद आणि लाख येथे विकावयास आणत, त्यावरून गावाला गोंदिया हे नाव पडले, असे मानले जाते. धान, लाख, तेंदूपत्ता आणि लाकूड यांच्या व्यापारासाठी गुजरात, कच्छ व राजस्थानातून आलेली कुटुंबे स्थानकाच्या आसऱ्याने वसली.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे अरुंद रुळांची गाडी धावू लागली. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. लोक तिला प्रेमाने 'छोटी लाइन' म्हणत. सातपुड्याच्या जंगलातून ती इतक्या संथपणे जाई की वळणावर मागच्या डब्यातील प्रवाशाला पुढचे इंजिन दिसे. साधारण शंभर वर्षे ती गोंदियाच्या बाजारात माणसे आणि माल आणत राहिली. पुढे गोंदिया-बालाघाट भागातील रूळ रुंद झाले आणि २०१५ मध्ये बालाघाटच्या पुढची छोटी लाइनही बंद पडली. आज त्याच दिशेने मोठी गाडी वेगाने जाते. सोय वाढली, यात शंका नाही.

अखेरच्या काळात दूरदूरचे रेल्वेप्रेमी कॅमेरे घेऊन या मार्गावर आले. आज त्या गाडीची जी चांगली छायाचित्रे पाहावयास मिळतात, त्यांतील अनेक या पाहुण्यांची आहेत. ज्या घरांतील मुले त्याच गाडीने आजोळी जात होती, त्या घरांच्या पेट्यांत तिचे चित्र क्वचितच आढळते. पाहुण्यांनी इंजिन टिपले, पूल टिपले. फलाटावर डबा उघडून बसलेले कुटुंब, हमालाच्या डोक्यावरील पोती आणि खिडकीत बसण्यासाठी भांडणारी भावंडे टिपणे घरच्यांच्याच हाती होते.

पॅरिसचा एक छायाचित्र-विक्रेता

ही उणीव फक्त आपली नाही, आणि ती भरून काढण्याचा मार्ग एका फ्रेंच माणसाने धंदा म्हणून शोधला होता. युजीन अत्जे (१८५७-१९२७) हा आधी खलाशी, मग फिरत्या नाटक मंडळीतला नट. दोन्हीकडे जम न बसल्यावर त्याने छायाचित्रांचा व्यवसाय धरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुने पॅरिस पाडून नवे उभे राहत होते. अत्जे जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन पहाटेच निघे. त्याने दुकानांच्या दर्शनी भागांची, दारांच्या कड्यांची, जिन्यांची, चिंध्या गोळा करणाऱ्यांची आणि गल्लीबोळांची चित्रे घेतली. चित्रकारांना, वाचनालयांना, कारागिरांना संदर्भ म्हणून तो ती विकत असे. १९२० मध्ये त्याने २,६०० हून अधिक काचपट्ट्या फ्रेंच सरकारला १०,००० फ्रँकना दिल्या. तो जिवंत असताना त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. आज जुन्या पॅरिसचे दुकान कसे दिसे, हे पाहायचे असेल तर त्याच्याकडेच जावे लागते.

अत्जेकडून शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे: त्याने प्रसिद्ध स्थळांपेक्षा साध्या जागांना अधिक वेळ दिला आणि आपल्या मालाची नीट यादी ठेवली. व्यापारी घराला हे दोन्ही गुण परके नाहीत.

बाजारपेठेतील खुणा

सुरुवात घराच्या उंबरठ्यापासून करावी. गोंदियाचा जयस्तंभ चौक, गोरेलाल चौक, त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या आणि स्थानकाभोवतीची बाजारपेठ पहाटे सहा ते आठ या वेळेत वेगळीच दिसते. वाहने कमी असतात, उन्हाची तिरपी किनार पाट्यांवर पडते आणि लाकडी फळ्यांवरचे जुने रंग उठून दिसतात. हाताने रंगवलेल्या दुकानपाट्या आता झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्यांच्या जागी छापील फलक येत आहेत. मराठी, हिंदी आणि कधी गुजराती अशा तिन्ही भाषा एकाच भिंतीवर दिसतात, त्यातून या शहराचा अर्धा इतिहास वाचता येतो.

दुकानाच्या आतले चित्रही तितकेच मोलाचे. गादी, गल्ला, लोखंडी तिजोरी, तराजू, मापे, लाल कापडात बांधलेल्या वह्या आणि भिंतीवरील पूर्वजांची तसबीर यांचे प्रत्येकी एक स्वतंत्र चित्र असावे. राईस मिलमध्ये धान वाळवण्याचे आवार, पोत्यांची थप्पी, कोंड्याचा ढीग आणि पाखडणाऱ्या मजूर स्त्रिया ही दृश्येही यंत्रे बदलली की बदलतात. मुनीमजी अजून दुकानात येत असतील, तर त्यांचे छायाचित्र त्यांच्या जागेवर, त्यांच्या चष्म्यासह, आजच घ्यावे.

धानाचे वर्ष

जिल्ह्याचे खरे दर्शन बांधीत होते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा धानाचे कोठार म्हणून ओळखला जातो. येथील निसर्ग वर्षातून चार वेळा वेश बदलतो. आषाढात पऱ्ह्यांचे पोपटी चौकोन दिसतात. मग रोवणीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकलेल्या स्त्रियांची रांग दिसते. भाद्रपदात हिरवाई दाट होते. कार्तिकात शेत सोनेरी होते आणि कापणीनंतर पुंजणे रचले जातात. फाल्गुनात बांध्या कोरड्या पडतात, तेव्हा पळस पेटतो आणि मोहाखाली पहाटे टोपल्या भरतात.

एकच बांधी, एकाच जागेवरून, वर्षातून चार वेळा टिपली, तर चार चित्रांत व्यापाऱ्याला आपल्या मालाचा संपूर्ण जन्म दिसतो. ज्यांचा धानाशी संबंध बाजार समितीच्या लिलावापासून सुरू होतो, त्यांच्या मुलांना ही मालिका पुष्कळ काही शिकवील. याच वर्षचक्रात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेली मुले येतात आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईतली दंडारही येते.

तलाव, देवळे, डोंगर

पूर्व विदर्भाला तलावांचा प्रदेश म्हणतात तो कोहळी समाजाच्या जलज्ञानामुळे. उतारावरचे पाणी अडवून शेताला पुरवणारे शेकडो तलाव पूर्वजांनी बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' शासनाकडे आले. त्यांतील अनेक आज गाळाने भरले आहेत. पाळीवरची झाडे, पाणी सोडण्याचे जुने दार, काठावरचे देऊळ आणि धुण्याचे दगड यांची चित्रे पुढे तलाव दुरुस्त करणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. सर्वांत प्रसिद्ध नवेगावबांध. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याची परंपरा सांगितली जाते. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे दीर्घ काळ काढला आणि या परिसराला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि गोरेगाव तालुक्यातील चुलबंद हे तलावही एका दिवसात पाहून येण्यासारखे आहेत.

गोंदिया शहरालगत नागरा येथे प्राचीन शिवमंदिर आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाच्या परिसरात महादेवाचे स्थान आणि दर्गा दोन्ही आहेत. त्याच तालुक्यात गोठणगाव येथे तिबेटी बांधवांची वसाहत असून तेथील प्रार्थनापताका धानाच्या शेतांवर फडफडताना दिसतात. सालेकसा तालुक्यात दरेकसाचा रेल्वे बोगदा, हाजरा फॉल आणि माघ पौर्णिमेला गोंड बांधव मोठ्या संख्येने जमतात ती कचारगड गुहा आहे. ही सगळी स्थळे घरून शिदोरी घेऊन निघाले तर संध्याकाळी परत येता येईल इतकी जवळ आहेत.

नोंदीविना चित्र म्हणजे तारखेविना हुंडी

पूर्वीच्या गादीवर एक शिस्त होती. व्यवहार कितीही लहान असो, तो त्याच दिवशी कीर्दीत लिहिला जाई आणि नंतर खतावणीत आपापल्या खात्यावर चढे. छायाचित्रांनाही हीच शिस्त लावावी. प्रत्येक चित्राबरोबर पाच गोष्टी लिहाव्यात: गाव, नेमकी जागा, कोणत्या दिशेकडून घेतले, तारीख व वेळ, आणि चित्रात काय आहे. उदाहरणार्थ, "नागरा, शिवमंदिर, पूर्वेकडून, माघ वद्य चतुर्दशी, सकाळी साडेसात." स्थानिक नावे स्थानिक उच्चारानेच लिहावीत, मग ती पोवारी असोत, गोंडी असोत वा झाडीबोलीतील.

मोबाइलचा कॅमेरा या कामास पुरेसा आहे. भिंग स्वच्छ पुसावे, दुपारचे कडक ऊन टाळावे आणि प्रत्येक जागेची तीन चित्रे घ्यावीत: दुरून परिसराचे, मधल्या अंतरावरून वास्तूचे, जवळून एखाद्या बारकाव्याचे. आकाराचा अंदाज यावा म्हणून एखादे माणूस किंवा सायकल चौकटीत असू द्यावी. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेले चित्र आकसते आणि त्यातील तारखेची माहितीही गळते. म्हणून मूळ चित्र वेगळे जपावे. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावातील नातलगाकडे आणि निवडक चित्रे कागदावर छापून, अशी तीन ठिकाणी ठेव असावी.

मर्यादेचे भान

कॅमेरा हातात आला म्हणजे सर्वत्र जाण्याचा परवाना मिळत नाही. माणसाचे चित्र घेण्याआधी विचारावे आणि नंतर त्याची छापील प्रत त्याला नेऊन द्यावी. रोवणीतील बाईला आपले चित्र मिळाले, तर पुढच्या वर्षी संपूर्ण बांधी हसून स्वागत करते. कचारगडासारख्या श्रद्धास्थानी तेथील जाणत्यांची अनुमती घ्यावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रमाणे वास्तूचे छायाचित्र घेण्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. तरी रेल्वेच्या आवारात व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवानगी लागते. जिल्ह्यात बिरसीचा विमानतळ आणि व्याघ्र प्रकल्प असल्याने ड्रोन उडवण्याआधी नियम पाहणे आवश्यक आहे.

सर्वाधिक जपावे ते सारसांना. माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यत्वे याच जिल्ह्यात उरला आहे आणि त्याची संख्या फारच थोडी आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच घरटे करतो. चांगल्या चित्रासाठी कोणी घरट्याजवळ गेले की जोडी अंडी सोडून उठते. अशा चित्राची किंमत एक मुका जीव मोजतो. दुरून, बांधावरून, दोन ठिपक्यांएवढे दिसले तरी ते चित्र पुरेसे आहे.

वहीपूजनाचा मुहूर्त

या सगळ्याला आरंभ कोठून करावा, असे वाटत असेल तर मुहूर्त घरातच आहे. वहीपूजनाच्या दिवशी दुकान झाडून-पुसून सजलेले असते, दारी तोरण असते, घरातली तिन्ही पिढ्यांची माणसे आणि नोकरमंडळी एकत्र असतात. रस्त्याच्या पलीकडे एक जागा ठरवावी आणि पूजेआधी तेथून दुकानाचे एक छायाचित्र घ्यावे. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच वेळी दुसरे घ्यावे. छापलेली प्रत नव्या वहीच्या पहिल्या पानात ठेवावी आणि मागे तारीख घालून उपस्थितांची नावे लिहावीत. लिहिण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान, अक्षर येणाऱ्या मुलाकडे द्यावे.